कोंबड्या परड्यात सोडा, पण राखणीनं



आज मी बोलणार आहे घरच्या चार-दहा कोंबड्यांविषयी आणि घरामागच्या परड्याविषयी. विषय तसा लहान वाटेल. परंतु कोकणात विस्ताराच्या कामानिमित्त फिरताना एक तक्रार वाडीवाडीवर ऐकायला मिळते. कोंबड्या ठेवल्या तर भाजी राहत नाही, आणि भाजी केली तर कोंबड्या कोंडून ठेवाव्या लागतात. भाताची कापणी झाली, परड्यात माठ-मुळ्याचे वाफे पडले, की कालपर्यंत लाडाची असलेली कोंबडी एकदम वैरीण होते. मग कुणी कोंबड्या विकून टाकतं, कुणी वाफे करायचंच सोडतं. दोन्हीकडे नुकसान होतं ते घरातल्या बाईचं. कारण अंड्यांचा पैसा हा बहुतेक घरांत तिच्या हातातला पैसा असतो. मुलांच्या वह्या, एसटीचं भाडं, अडीअडचणीला दवाखाना, हे सगळं त्यातून निघतं.

तेव्हा माझं आजचं सांगणं एवढंच आहे. कोंबडी आणि भाजी एकाच परड्यात सुखानं नांदू शकतात. मात्र कोंबडी मोकाट सोडून चालणार नाही. ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आणि माणसाच्या नजरेखाली सोडायला हवी. त्यासाठी दिवसाचे दोन तास पुरतात.

कोंबडी परड्यात काय करते?

आपण म्हणतो, कोंबडी उकिरडा उकरते. खरं तर ती सारखी कामात असते. पायानं पाचोळा उलटायचा, खालचे किडे, अळ्या, वाळवी, गांडुळं टिपायची, तणाचं बी वेचायचं, कोवळं गवत खुडायचं, असा तिचा उद्योग चालू असतो. पूर्ण वाढलेल्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाद्य लागतं. देशी कोंबडी अंगानं लहान, तिला थोडं कमी पुरतं. घरात आपण तिला काय घालतो? तांदळाची कणी, कोंडा, नाचणीचे चार दाणे, उरलेला भात. यातून अंगाला जोर मिळतो, पण अंडं तयार व्हायला जी प्रथिनं लागतात ती पुरेशी मिळत नाहीत. ती उणीव किडामुंगी भरून काढते. हिरवा पाला पोटात गेला की अंड्यातला बलक चांगला पिवळा होतो. गावठी अंड्याचा रंग गिऱ्हाइकाला आवडतो, तो या पाल्यातूनच येतो.

दुसरीकडे तिच्या उकरण्यानं परड्यालाही फायदा होतो. मे महिन्यात रिकामे वाफे कुदळायला घ्याल तेव्हा कोंबड्या मागे सोडून बघा. मातीतून वर आलेली हुमणीची अळी, किडींचे कोष त्या तिथल्या तिथे वेचून खातात. फक्त कुदळ मारताना सांभाळा. अळीच्या आशेनं कोंबडी थेट पात्याखाली मान घालते.

हे झालं चांगलं. आता वाईटही सांगतो. तिला तण आणि रोप यातला फरक कळत नाही. नुकतं पेरलेलं बी, दोन पानांवरचा माठ, मेथी, कोथिंबीर, मिरचीची लहान रोपं ती अर्ध्या तासात उलटीपालटी करते. जमिनीलगत लागलेला टोमॅटो टोचून ठेवते. म्हणून जागेची वाटणी आधी करावी लागते.

परड्याची तीन भागांत वाटणी

पहिला भाग झाडांखालचा. नारळ, सुपारी, केळी, फणस, शेवगा, पपई अशा उंच झाडांच्या खाली कोंबड्यांना बारा महिने फिरू द्यायला हरकत नाही. मात्र आळ्यातली माती उकरून त्या झाडाची मुळं उघडी पाडतात. त्यासाठी बुंध्याभोवती चार दगड किंवा नारळाची सोडणं पालथी मांडून ठेवा.

दुसरा भाग रिकाम्या वाफ्यांचा. भाजी काढून झाली, की नव्या पेरणीपर्यंत त्या वाफ्यात कोंबड्या सोडता येतात. पडलेलं बी, किडकी फळं, तण, सगळं साफ होतं. मात्र पुढं त्यात कोणती भाजी घ्यायची याला एक नियम आहे. तो पुढे सांगतो.

तिसरा भाग उभ्या भाजीचा. तो पूर्ण बंद ठेवायचा. देशी कोंबडी चांगली उडते, त्यामुळे दोन-अडीच फुटांची वई तिला अडवत नाही. वई किमान पाच फूट हवी. किनाऱ्याजवळच्या गावांत मासेमारीची जुनी जाळी सहज मिळते, ती बांबूच्या खुंट्यांना बांधली तरी काम भागतं. जाळीची खालची कड मात्र ताणून पक्की करा. सैल लोंबणाऱ्या जाळ्यात साप अडकतो आणि मग तो सोडवताना माणसाच्या जिवावर बेततं. एखादी कोंबडी फारच उडणारी असेल तर तिच्या एकाच पंखाची लांब पिसं कात्रीनं अर्धी कापावीत. तोल जातो आणि ती उंच उडत नाही. नवी, रक्त असलेली कोवळी पिसं कापू नयेत. आणि एक ध्यानात ठेवा, पंख कापलेली कोंबडी कुत्र्यापासूनही उडून वाचत नाही. तिला राखण जास्त हवी.

झाडांखालच्या जागेचेही दोन-तीन तुकडे पाडा. एका तुकड्यात आठ-दहा दिवस कोंबड्या सोडल्या, की पुढचे तीन आठवडे त्याला विसावा द्या. गवत संपून नुसती माती दिसायला लागली, तर आठ दिवसांची वाट न बघता तुकडा बदला. एकाच जागी रोज विष्ठा पडत राहिली की जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे जंतू त्या ओल्या मातीत साठत जातात. विसावा मिळाला, ऊन लागलं, की त्यांचा जोर कमी होतो.

सोडायचं कधी?

कोंबड्या बहुधा सकाळी, दहा-अकरापर्यंत अंडी देऊन मोकळ्या होतात. त्याआधी त्यांना परड्यात सोडलं तर त्या करवंदीच्या जाळीत नाहीतर गवताच्या भाऱ्यामागे अंडं घालतात. ते आपल्याआधी सापाला किंवा मुंगसाला सापडतं. म्हणून सकाळी खुराड्याच्या पुढच्या अंगणातच ठेवा. अंडी घालायला पेंढा घातलेली टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. अंडी गोळा झाल्यावर पुढचा विचार.

परड्यात सोडायची उत्तम वेळ दुपारी चारनंतरची. ऊन उतरलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे दिवेलागणीला कोंबडी आपण होऊन घराकडे वळते. तिला हाकत फिरावं लागत नाही. चारला सोडल्या, सहा-साडेसहाला झाकल्या, असा नेम ठेवा.

कोंबड्या नव्या आणल्या असतील किंवा खुराड्याची जागा बदलली असेल, तर पहिले आठ-दहा दिवस बाहेर सोडूच नका. ते खुराडं म्हणजे आपलं घर, हे तिच्या डोक्यात बसायला तेवढे दिवस लागतात. या दिवसांत दाणे घालताना रोज एकच हाक मारा किंवा डबा वाजवा. पत्र्याचा डबा आणि त्यात मूठभर दाणे, याहून चांगली घंटा नाही. मग पहिल्या दिवशी दिवेलागणीच्या अर्धा तास आधी तीन-चार कोंबड्या सोडा. डबा वाजवून बोलवा, आल्या की दाणे द्या. दोन-तीन दिवसांनी सगळ्या सोडा, आणि वेळ हळूहळू वाढवत दोन तासांवर न्या. संध्याकाळचे दाणे कोंबडीमागे एक मूठ धरावेत, आणि ते परत आल्यावरच द्यावेत. आधीच पोटभर घातलंत तर ती ना किडे शोधेल, ना हाकेला येईल.

राखण कुणी करायची?

आता तुम्ही म्हणाल, साहेब, कोंबड्यांमागे बसायला माणूस कुठून आणायचा? वेगळा माणूस लागत नाही. चार ते सहा या वेळात परड्यातलं कुणाचं ना कुणाचं काम असतंच. झाडांना पाणी घालणं, नारळ सोलणं, भाजी निवडणं, हीर काढून केरसुणी बांधणं. ते काम त्या वेळेला आणि त्या जागेवर आणा. घरातली आजी सावलीत बसून काम करत नजर ठेवू शकते. शाळेतून आलेलं पोर खेळता खेळता बघू शकतं. मात्र त्याला शाळा बुडवून राखणीला बसवू नका.

राखण करणाऱ्यानं तीन गोष्टी पाळायच्या. सोडताना मोजायचं, झाकताना मोजायचं, आणि मधल्या वेळात कानावर विसंबायचं. कान म्हणण्याचं कारण असं की, कोंबडा उत्तम पहारेकरी असतो. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की तो एक विशिष्ट लांब आवाज काढतो आणि सगळ्या कोंबड्या झुडपाखाली दडतात. जमिनीवरून कुत्रा, मांजर, मुंगूस आलं तर तोच कोंबडा वेगळा, तुटक कलकलाट करतो. चार दिवस लक्ष देऊन ऐकलंत तर हा फरक तुमच्याही कानाला कळेल. म्हणून आठ-दहा कोंबड्यांत एक कोंबडा असावा, आणि परडं अगदी लख्ख साफ न ठेवता दडायला दोन-चार झुडपं राहू द्यावीत. पण त्यात कण्हेर नको, आणि एरंडाचं बी खाली पडलेलं नको. दोन्ही विषारी आहेत.

पिल्लांची कोंबडी मात्र या टोळीत सोडू नका. पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत डालग्याखाली किंवा जाळीच्या आत हवीत. कावळासुद्धा त्यांना उचलतो. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा अशा सुधारित जातींची पिल्लं आणली असतील तर हे अधिकच सांभाळा. परसातल्या पालनासाठी या जाती चांगल्या आहेत, पण वनराजा-गिरिराजासारखी भारी पिल्लं देशी पिल्लांइतकी चपळ नसतात, आणि त्यांना शिकवायला बरोबर आईही नसते.

रात्रीचा शत्रू वेगळा. कांडेचोर, रानमांजर, मुंगूस यांना दोन बोटांची फटही पुरते. खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच, अर्ध्या इंचाच्या जाळीचं आणि घट्ट कडीचं असावं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. पण कोंबडं झाकलं नाही, तर तांबडं बघायला ते राहत नाही, हेही तितकंच खरं.

थोडा हिशोब करून बघू. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते. दहा कोंबड्यांची झाली ६०० ते ७००. त्यातल्या तीन कोंबड्या वर्षाच्या सुरुवातीलाच मुंगसानं नाहीतर कुत्र्यानं नेल्या, तर सुमारे २०० अंडी गेली. रवणीला बसवून निघाली असती ती पिल्लंही गेली. दोन तासांच्या राखणीची किंमत ही अशी मोजायची.

सगळ्यात मोठा धोका: विष

बंधू-भगिनींनो, मुंगूस एका वेळी एक कोंबडी नेतो. विष एका दुपारी सगळं खुराडं रिकामं करतं. म्हणून हा भाग नीट ऐका.

आंब्याला मोहर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. काजूवर ढेकण्यासाठी फवारतात. ते औषध खालच्या गवतावर, पाचोळ्यावर पडतं. किडे मरून खाली पडतात आणि कोंबडी तेच वेचते. फवारलेल्या झाडांखाली किमान पंधरा दिवस कोंबडी सोडू नका. डब्यावरच्या कागदावर त्याहून जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे दिवस पाळा. बाग शेजाऱ्याची असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, ‘दादा, फवारणी असेल त्याच्या आदल्या दिवशी हाक मारा.’ कोंबडी जगली तरी औषधाचा अंश अंड्यातून आपल्याच मुलांच्या पोटात जाऊ शकतो, हे विसरू नका.

दाणेदार कीटकनाशक कोंबडीला दाण्यासारखंच दिसतं. बीजप्रक्रिया केलेलं, रंग लावलेलं बियाणं ती हमखास टिपते. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइडचं आमिष तर अत्यंत जहाल. तेव्हा पेरणीच्या दिवशी सांडलेलं बी गोळा करा, उरलेलं कुलपात ठेवा. उंदराचं औषध ठेवायचंच झालं तर त्या काळात कोंबड्या बंद ठेवा. विषानं मेलेली कोंबडी कुणीही खाऊ नये, कुत्र्यालाही घालू नये. खोल पुरावी.

विष्ठा आणि भाजी

मघाशी म्हटलं तो नियम आता सांगतो. कोंबडीची विष्ठा उत्तम खत आहे, पण ताजी विष्ठा तीव्र असते, कोवळ्या रोपांना चटका देते. शिवाय तिच्यातले जंतू भाजीला लागून माणसाच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून कोंबड्यांनी वाफा सोडल्यापासून भाजी काढेपर्यंत पुरेसा काळ जाऊ द्यायचा. मातीला लागून वाढणारी भाजी, म्हणजे मुळा, कोथिंबीर, मेथी, माठ, असेल तर चार महिने. मांडवावरची दोडकी-पडवळ किंवा झाडावर लागणारी वांगी-मिरची असेल तर तीन महिने. लाल माठ महिना-सव्वा महिन्यात काढणीला येतो. याचाच अर्थ, गेल्या आठवड्यात कोंबड्या फिरलेल्या वाफ्यात आज माठ टाकणं बरोबर नाही. कोंबड्या फिरलेले वाफे वेलाच्या भाज्यांना ठेवा, आणि पालेभाजीसाठी एक-दोन वाफे कायमचे बंद राखा. खुराड्यातली विष्ठा पाचोळ्याबरोबर खड्ड्यात घालून नीट कुजवा आणि मगच वापरा.

आरोग्याच्या चार गोष्टी

बाहेर फिरणाऱ्या कोंबडीला लस ही हवीच. राणीखेत म्हणजे मानमोडी. या रोगात वाडीच्या वाडी रिकामी होते, आणि रोग झाल्यावर त्यावर औषध नाही. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबानं, चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून, हा नेहमीचा क्रम आहे. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत देतात. लस बर्फातच आणावी लागते आणि कुपी फोडल्यावर ती लवकर वापरून संपवावी लागते. तेव्हा वाडीतल्या पाच-सात घरांनी मिळून एकच दिवस ठरवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून द्या.

अंड्याचं कवच चुन्याचं असतं. परड्यातून तेवढा चुना मिळत नाही. कालवाच्या किंवा शिंपल्याच्या कवचाचा भरड चुरा वेगळ्या करवंटीत ठेवा, कोंबडी हवा तेवढा खाते. पिण्याचं पाणी रोज ताजं, सावलीत. उवा-पिसवांसाठी कोरडी माती आणि चुलीतली राख एका खड्ड्यात घालून ठेवा. कोंबडी त्यात लोळून आपलं अंग आपणच साफ करते. पावसाळ्यात हा खड्डा पडवीच्या वळचणीला, न भिजणाऱ्या जागी घ्या. मुसळधार पावसाच्या दिवशी आणि पाणी साचलेल्या जागी कोंबड्या सोडू नका.

आणखी एक. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातही हा रोग आढळला. आपल्या कोंबड्या पाणपक्ष्यांच्या तळ्याकाठी, खाजणात जाऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांत बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या, तर त्या लपवू नका, विकू नका, उघड्या हातांनी हाताळू नका. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि शासनाची सूचना निघाली की कोंबड्या बंदच ठेवा, मग परड्यात कितीही किडे असोत.

बंधू-भगिनींनो, शेजाऱ्याच्या वाफ्यात गेलेली कोंबडी परत येताना भांडण घेऊन येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मोकाट कोंबडी कुणाचीच नसते. कुत्र्याची असते, मुंगसाची असते, विषाची असते. राखणीतली कोंबडी घरची असते. तेव्हा फार खर्चाचं काही करू नका. आज संध्याकाळी झाकताना कोंबड्या मोजा आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. उद्या परड्याचे तीन भाग डोळ्यांनी आखा. या आठवड्यात वई पाच फुटांची करा. शेजाऱ्याशी फवारणीचं बोलून ठेवा. महिन्याभरानं भिंतीवरचा आकडा पुन्हा बघा. तो कमी झाला नसेल आणि वाफ्यात माठही उभा असेल, तर समजा की तुमच्या परड्याला शिस्त लागली.

एवढं सांगून आजचं बोलणं थांबवतो.